प्रकरण संपलं, बूट आणा

अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी दुकानात बुटांच्या पॉलिशसमोर उभी होते. इथे जर्मनीत पॉलिश म्हणजे स्पंज लावलेली बाटली, बुटावरून एकदा फिरवली की काम झालं. अण्णांच्या मते ती आळशी माणसांची सोय होती. त्यांना पत्र्याची चपटी डबी लागायची, काळी, आणि ती नेमकी सगळ्यात खालच्या फळीवर मागे सरकवून ठेवलेली असते. मी वाकून ती शोधत होते. न्यूमोनिया उतरतोय, दोन दिवसांत घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि घरी आल्यावर पहिली मागणी कसली होणार ते मला ठाऊक होतं. फोनवर निखिल, माझा नवरा, होता. "मेधा, अण्णा गेले. झोपेतच..." एवढंच म्हणाला. मी 'हो' म्हटलं, डबी घेऊन रांगेत उभी राहिले, पैसे दिले आणि बाहेर येऊन बाकावर बसले. ज्याच्यासाठी ती घ्यायची तो माणूसच आता नाही, हे डबी पिशवीत टाकल्यावर डोक्यात शिरलं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. साताऱ्याकडचे, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्या, साखरेने अण्णांच्या डोळ्यांची वाट लावली, आणि मग निखिलने आउसलेंडरबेहर्डेच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीच्या, वर्षभर चकरा मारून त्यांना आमच्याकडे गेर्लिंगेनला आणलं. हा माणूस इथे करमून घेणार नाही अशी माझी खात्री होती. पण आठवड्याला एकेका घराने जिना झाडायची पाळी असते हे कळल्यावर ते खूश झाले. आमची पाळी त्यांनी कायमची आपल्याकडे घेतली आणि दुसऱ्यांच्या पाळीनंतर कठड्यावरून बोट फिरवून तपासणीही सुरू केली. दिसत फारसं नव्हतं, पण धूळ कळायची.

प्रश्न होता दिवस घालवायचा. वाचनाचं वेड आणि डोळे गेलेले. तो प्रश्न आमच्या लेकीने, ईराने सोडवला. इथली मुलं लहानपणापासून गोष्टी ऐकत झोपतात. दिवा मालवला की बटण दाबायचं आणि उशाशी कुणीतरी वाचू लागतं. ईरा तशीच वाढली, आणि तिची आवड एकच, लढाया आणि साहसं. बर्फात हरवलेल्या मोहिमा, बुडणाऱ्या पाणबुड्या, शत्रूच्या मुलखातून पळून आलेले कैदी. आपला जुना स्पीकर तिने आजोबांना दिला, मराठी-हिंदी पुस्तकांचं ॲप जोडून दिलं, आणि थांबवायच्या बटणावर माझ्या टिकल्यांच्या पाकिटातली एक टिकली चिकटवली, म्हणजे बोटाला कळावं. लाल, जरा मोठी टिकली. त्या टिकलीवर अण्णांचं बोट किती वेळा पडलं असेल...

कारण ते ऐकायचे कमी आणि थांबवायचे जास्त. युद्धकथांबद्दल त्यांची मतं ठाम होती आणि ती मनात ठेवण्याची सवय नव्हती. मागे ढोलताशे वाजायला लागले की म्हणायचे, एवढा बँड आमच्याबरोबर असता तर शत्रू आवाजानेच पळाला असता. वाचणारा आवेशात ओरडला की थांबवायचे. ओरडणाऱ्याला दम लागतो, याला कसा लागत नाही? त्यांची लाडकी एक वाचणारी बाई होती. ती तोफांच्या माऱ्याचं वर्णनही साबुदाण्याच्या खिचडीची कृती सांगावी इतक्या शांतपणे वाचायची. हिला सगळं माहीत आहे आणि सांगायची घाई नाही, असं तिचं कौतुक व्हायचं. नायक हुकूम मोडून एकटाच शत्रूच्या ठाण्यात घुसला की आम्ही श्वास रोखून बसायचो आणि अण्णा म्हणायचे, याच्यामुळे मागचे किती जण गोत्यात आले असतील ते लिहिणाऱ्याला विचारा.

त्यांचा खरा आक्षेप मात्र वेगळाच होता. त्यांची सगळी नोकरी डोंगरातल्या चौक्यांवर ट्रकने रेशन आणि पाणी पोचवण्यात गेली होती. त्यामुळे कुठलंही पुस्तक असो, थोडं ऐकलं की टिकलीवर बोट पडायचं आणि प्रश्न यायचा, "यांना पाणी कोण आणतंय?" वाळवंटातली लढाई असो की बर्फातली मोहीम, हाच प्रश्न. नायक किती प्रकरणं चालतोय, याने मोजे कधी वाळवले? निखिल वैतागायचा, अण्णा, गोष्ट आहे हो ती. अण्णा म्हणायचे, गोष्टीतल्या माणसाला तहान लागत नाही काय? मला मात्र हे आवडायचं. मी ऑफिसात दिवसभर लोकांच्या चुका काढते, घरी तेच काम करणारा एक भेटला होता.

आणि लढाईचं प्रकरण संपलं की काहीही झालं तरी पुढचं लागायचं नाही. "प्रकरण संपलं. बूट आणा." दारातल्या फळीवरचे सगळ्यांचे बूट वर्तमानपत्रावर मांडायचे, आणि अण्णा डबी, ब्रश आणि जुन्या बनियनची चिंधी घेऊन बसायचे. बोटाने चाचपून चिखल काढायचे, पॉलिश लावायचे, घासायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, लढाई झाली की आधी हत्यार साफ करायचं, मग जेवायचं. हत्यार नाही, तर बूट. आम्ही ते खरं मानलं. घनघोर पुस्तक चालू असलं की माझे ऑफिसचे बूट आरशासारखे असायचे.

इथल्या पहिल्याच डिसेंबरात या सवयीने एक गंमत केली. निकोलाऊसच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी इथली मुलं आपले बूट पुसून दाराबाहेर ठेवतात. सकाळी त्यांत चॉकलेट, अक्रोड सापडतात. हे अण्णांना सांगायचं आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. जिन्यात फेऱ्या मारताना प्रत्येक दारापुढे काठीला बूट लागले. बरॅकीत वाढलेला माणूस, तो धरून चालला की हे पॉलिशसाठीच ठेवले आहेत. त्यातून मुलांनी केलेली साफसफाई, बोटाला चिखल लागतच होता. अख्ख्या जिन्यातले बूट पिशवीत घालून त्यांनी वर आणले, घासून चकचकीत केले आणि पुन्हा नेऊन ठेवले. फक्त कुठले कुणाच्या दारातले ते लक्षात राहिलं नव्हतं. सकाळी जिन्यात हा गोंधळ. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या दारात एका पोराचे लाल गमबूट, आणि त्या हसून हसून भिंतीला टेकलेल्या. पुढच्या वर्षी त्या बाईंनी आमच्या दारात स्वतःचे जुने चामडी बूट आणून ठेवले. आत अक्रोड भरले होते, अण्णांसाठी. अक्रोड खाऊन अण्णांनी बूट पॉलिश करून परत केले.

हे सगळं हसतखेळत चाललं होतं. मग ईराने जेवताना सांगितलं की तिला इथल्या सैन्यात जायचंय. शाळा संपून वर्ष होत आलं होतं, बेकरीत काम करत होती, पुढे काय ते ठरत नव्हतं असं आम्ही समजत होतो. तिचं ठरलं होतं. "आल्झो, एप्रिलपासून. फ्राइव्हिलिग," म्हणाली. आपखुशीने. तिचा पासपोर्ट जर्मन, वय पूर्ण, आम्ही सही करायचा प्रश्नच नव्हता. इथे आम्ही नोकरीसाठी आलो, लेक कुणाच्या सीमेवर पाठवायला नाही, हे मी बरंच मोठ्या आवाजात म्हटलं. आजकाल इथल्या बातम्या ऐकून कुठल्याही आईने म्हटलं असतं. भारतातून नणंदेचा फोन आला, अण्णांची छाती अभिमानाने फुगली असेल ना? अण्णा शेंगा सोलत बसले होते. त्यांची छाती होती तेवढीच होती.

दुसऱ्या दिवशी ईरा कामावर गेल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. "अण्णा, तुम्ही तिला नको म्हणा. माझं नाही ऐकणार, पण तुमचं ऐकेल ती."

त्यांनी पुस्तक थांबवलं. "ऐकेल. म्हणूनच म्हणणार नाही."

मला इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. एका शब्दावर माझी पोर घरात राहिली असती आणि हा माणूस तो शब्द खिशात घालून बसला होता. अजूनही तो राग पूर्ण गेलेला नाही, हे लिहायला हवं.

त्यांनी केलं ते एवढंच. ईराला म्हणाले, तुझं ते आवडतं जर्मन पुस्तक लाव, मला ऐकायचंय. अण्णांचं जर्मन 'या' आणि 'गेनाऊ', म्हणजे 'हो' आणि 'बरोबर', यांपुढे गेलेलं नव्हतं. तेव्हा ती दोन वाक्यं ऐकायची, थांबवायची आणि मराठीत सांगायची. लहानपणापासून आम्ही मराठीत विचारावं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यावं असा रिवाज. आता रोज संध्याकाळी ती मराठी शब्द शोधत धडपडत होती. खंदकाला 'लांब खड्डा' म्हणत होती, मग अण्णा शब्द द्यायचे. आणि दर थांब्याला अण्णांचा प्रश्न. हे जखमीला उचलून नेतायत, तर याची बंदूक कोण उचलतंय? हा रात्रभर पहारा देतोय, याला झोप आली तर? घरी पत्र कोण लिहितं? पुस्तकात नसलं की ईरा म्हणायची, "वाइस इख निश्त, माहीत नाही, आजोबा. लिहिलं नाही." मग ते सांगायचे. मी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकायची आणि वाट पाहायची की आता तरी ती घाबरेल. ती घाबरत नव्हती, नीट ऐकत होती. मग प्रकरण संपायचं, बूट यायचे, दोघं शेजारी बसून ब्रश मारायची. अण्णा आजारी पडले तेव्हा शेवटचं प्रकरण राहिलं होतं.

तेरावा झाल्यावर त्यांची खोली आवरताना ईराने मला विचारलं, आजोबा बूट का पुसायचे तुला माहितीये? मी हत्यारांचं कारण सांगितलं. "नाइन, नाही आई. ते सगळ्यांना सांगायचं कारण होतं." मग ती सांगत गेली, मराठीत, कुठेही न अडखळता. अण्णांच्या पुढच्या ट्रकवर नामदेव होता, त्यांच्याच वयाचा, शेजारच्या गावचा. पाण्याचा ट्रक. घाटात गोळा पडला तो त्याच्यावर. नंतर त्याची ट्रंक घरी पाठवायची होती, आणि ती भरायचं काम अण्णांकडे आलं. ट्रंकेत बुटांचा जादा जोड होता, चिखलाने भरलेला. आईला मुलाचे मळलेले बूट दिसू नयेत म्हणून अण्णांनी ते संध्याकाळभर बसून घासले. त्या वेळी त्यांना तेवढंच करता येत होतं... इतक्या वर्षांत हे त्यांनी निखिलला सांगितलं नव्हतं. सासूबाईंना सांगितलं होतं की नाही, देव जाणे.

"आणि हे ऐकूनही तू जाणार?" मी विचारलं.

"जाणार. पण मी वाहतुकीत मागितलंय, ट्रकवर. पाणी कुणीतरी आणायला हवं ना, आई."

आजोबांनी नको म्हटलं नाही, हो म्हटलं नाही, पण ती कुठे जाते आहे ते मात्र तिला सगळं दाखवून गेले. मला अजून वाटतं, त्यांनी नको म्हणायला हवं होतं. आणि हेही दिसतं की त्या संध्याकाळी झाल्या नसत्या तर ती ढोलताशांच्या मागे गेली असती.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी तिने अण्णांच्या खोलीत उरलेलं प्रकरण लावलं. खोलीत दुसरं कुणी नसताना दोन-दोन वाक्यं थांबवून मराठीत सांगत होती, त्या खुर्चीला. मी दारात उभी होते. संपल्यावर टिकलीवर बोट ठेवून ती म्हणाली, "प्रकरण संपलं. बूट आणा."

अण्णा गेले त्या दिवशी आणलेली डबी मी काढली. झाकण अजून उघडलं नव्हतं. तिने माझे, निखिलचे आणि अण्णांचे बूट घेतले. तिचे मी घेतले. मला अण्णांसारखं जमत नाही, हात काळे झाले, टाचेजवळ डाग राहिला. घासताना मला सारखी ती नामदेवची आई दिसत होती. तिला मुलाचे बूट चकचकीत मिळाले होते.

सकाळी ट्राम यायच्या आधी ईराने खाली बुटांकडे बघितलं आणि म्हणाली, छान झालेत. मी तिची कॉलर उगाच सारखी केली.

"तिकडून येताना पुसू नकोस," मी म्हटलं. "मळलेलेच पायांत घालून घरी ये. डबीत अजून पुष्कळ पॉलिश आहे."