भूलकाकांचा बघण्याचा कार्यक्रम

भूलकाकांनी आयुष्यात लग्न एकदाच केलं, पण मुली बघायला ते सत्तरीतही जात. मुली म्हणजे गाड्या. दोन दारांच्या, लांब नाकाच्या, कुणा श्रीमंताने हौसेने घेऊन कंटाळून विकायला काढलेल्या. काकांनी इंग्लंडात लीड्सला जन्मभर पेशंटना भूल दिली, म्हणून आम्ही मराठी मंडळातल्या पोरांनी त्यांना हे नाव दिलं. अशा गाडीत काकूंना शेजारी बसवून फ्रान्स ओलांडायचा, थेट दक्षिणेच्या समुद्रापर्यंत जायचं, ही त्यांची जुनी इच्छा. पण काचबिंदूने नजर अधू होत चालली होती. लायसन्स परत करायची वेळ जवळ आली होती, हे काका, काकू आणि मी, तिघांनाही ठाऊक होतं.

"मुलाकडची दोन माणसं तरी हवीत," म्हणून दर शनिवारी ते मला बरोबर नेत. म्हणजे माझ्याच गाडीतून. आधी घराणं विचारायचं: मालक किती झाले, रात्री गराजमध्ये झोपते की पावसात. मी चकाकत्या बॉनेटकडे बघत राहिलो की त्यांचं कोपर बसायचं. "रूपावर जाऊ नकोस. ह्यांचे खर्च सासरी आल्यावर कळतात." एकीचे पाच मालक झाले होते. काका परत येताना म्हणाले, "पाच घरी नांदली नाही, ती आमच्याकडे काय नांदणार?"

काकू मात्र पोळ्या लाटता लाटता सुनवायच्या, "माझ्या वेळी पोह्यांची बशी संपायच्या आत हो म्हणालात. पत्र्याला एवढ्या चौकशा?"

खरं सांगतो, ह्यात माझाही स्वार्थ होता. मुलं युनिव्हर्सिटीत गेली होती, घर रिकामं होतं. गाडी ठरली असती तर माझे शनिवार संपले असते. म्हणून धडधाकट गाडीतही मी खोट काढून द्यायचो. एका गरीब बिचाऱ्या गाडीला तर मी नुसत्या कपहोल्डरवरून नापास केलं. ते अजून टोचतं.

मग एका खेड्यात ती गडद हिरवी दिसली. मालक एक रिटायर्ड गोरा म्हातारा. काका तिला गल्लीच्या टोकापर्यंत चालवून आले आणि स्टिअरिंग सोडेनात. मलासुद्धा खोट काढवेना. "घेणार का मग?" म्हाताऱ्याने सरळ विचारलं. काकांनी घसा खाकरला आणि अदबीने सांगितलं, "घरी विचारून कळवतो."

म्हाताऱ्याने मान हलवली आणि गाडीवर कव्हर चढवलं.

"काका, त्याला तो नकार वाटला!"

"जागेवर होकार देत नाहीत रे. उतावळेपणा दिसतो. मुलीच्या बापाला कळतं."

"तो यॉर्कशरचा गोरा आहे, काका!"

तरीही रविवारभर त्यांनी फोन केला नाही. सोमवारी मी बळजबरीने करायला लावला, तेव्हा दुसरं गिऱ्हाईक वाटेत होतं. काका कसनुसं हसले. "योग नव्हता," म्हणाले आणि फोन ठेवायला लागले. काकूंनी तो हातातून ओढून घेतला. "हॅलो, वाइफ स्पीकिंग. वुई लाइक युअर गर्ल. यस, टुडे!"

"अगं, पण माझे डोळे..."

"लायसन्स माझ्याकडेही आहे. बाजारहाट काय घोड्यावरून करते?"

जूनमध्ये दोघं त्या हिरव्या गाडीतून निघाली. काका आता नाहीत. पण त्यांची आठवण निघाली की मला तो फ्रान्सहून आलेला फोनच आधी आठवतो. मी सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये सामानाच्या पिशव्या घेऊन उभा होतो.

"कुठपर्यंत पोचलात?"

"काय माहीत! मला पुढचं सगळं धूसर दिसतंय. ही ट्रकमागून ट्रक मागे टाकत सुटलीय."

"जरा हळू जायला सांगा ना."

"गप रे. हे ऐक."

त्यांनी फोन खिडकीबाहेर धरला. इंजिनाची ती गाज माझ्या कानात घुसली आणि तिच्यावर आवाज चढवून काकू ओरडल्या, "अहो, हात आत घ्या!"

त्यांनी घेतला नाही.