‘पोलीस ठाण्यातून आलंय’

त्या दुपारची घटना निवृत्तीनंतरही माझ्या मनातून जात नाही. तेव्हा मी लातूर शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत शिकवणी वर्गांच्या इमारती आणि मागच्या गल्ल्यांत मुलींच्या खोल्या, खानावळी. भोकर, चाकूर, कुठकुठून पोरी येऊन राहायच्या.

दुपारी अडीचच्या सुमारास फोन आला. एका खानावळीच्या जिन्यावरून पडून बाई जागीच गेली होती. मी पोचलो तेव्हा गल्लीत दहा-बारा मुली अनवाणी उभ्या होत्या. काहींचे हात खरकटे होते.

गेलेली बाई पहिल्या मजल्यावरची ती खानावळ आणि लगतच्या मुलींच्या खोल्या चालवायची. मुली तिला काकू म्हणायच्या. ती मूळची औशाकडच्या एका गावची. त्र्याण्णवच्या भूकंपात तिचा नवरा आणि मोठा मुलगा ढिगाऱ्याखाली गेले. कडेवरची मुलगी तेवढी वाचली. तिला घेऊन ती लातूरला आली आणि पोळ्या लाटून तिनं तिला नर्स केलं.

त्या दिवशी सकाळपासून मोबाइलवर सरकारी पत्राच्या फोटोचा एक संदेश फिरत होता. ‘आज दुपारी बारा ते चार भूकंपाचा मोठा धक्का. घराबाहेर पडा.’ वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का. मुली जेवत असताना खालून रस्त्याच्या कामाचा रोलर गेला आणि खिडक्या थरथरल्या. काकूंनी ओरडून सगळ्यांना खाली काढलं. खाली आल्यावर मुली मोजल्या, तर एक कमी. अंघोळीला गेलेली मुलगी वरच राहिली असं वाटून काकू पुन्हा वर धावल्या. ती मुलगी मागच्या जिन्यानं केव्हाच उतरली होती. तिला शोधून घाईनं खाली येताना काकूंचा पाय घसरला.

पंचनामा झाला, अकस्मात मृत्यूची नोंद झाली. मग संदेश कुठून आला याचा तपास सुरू केला. सायबर शाखेनं चार दिवसांत सांगितलं की ते पत्र दुसऱ्या जिल्ह्यातलं, जुनं आहे. आपत्तीच्या वेळी काय करायचं याच्या रंगीत तालमीचं. ‘रंगीत तालीम’ आणि तारीख असलेली ओळ कुणीतरी कापली होती. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पण गल्लीत तो कसा आला, ते शोधता येत होतं. काकूंना तो लेकीनं पाठवला होता. लेकीला गल्लीच्या ग्रुपवर मिळाला, आणि तिथं तो टाकला होता कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या चाचांनी. वर त्यांनी स्वतःची एक ओळ जोडली होती : ‘पोलीस ठाण्यातून आलंय. खात्रीची खबर.’

चाचांना ठाण्यात बोलावलं. साठीचा, सज्जन माणूस. खुर्चीच्या कडेला बसला.

“ही ओळ तुम्ही का लिहिली?” मी आवाज चढवला. “पोलिसांचं नाव घ्यायचा अधिकार कुणी दिला?”

“साहेब, खोटं न्हाई लिव्हलं. तुमच्या जमादार साहेबांनीच धाडला ना मला. म्या फोन करून इचारलं बी, पक्की खबर हाय का? ते म्हणले, मोठ्या साहेबांना दाखवलंय.”

मी जमादारांना आत बोलावलं. वीस वर्षं नोकरी झालेला माणूस. त्यांनी मान वर केली नाही.

“साहेब, त्या दिवशी सकाळी मी तुम्हाला दाखवला होता. मंत्र्यांच्या दौऱ्याच्या बंदोबस्ताची यादी करत बसला होता तुम्ही. मी इचारलं, साहेब, खरं हाय का हे?”

“मग मी काय म्हणालो?”

“तुम्ही म्हणला, असेल बाबा. सांगून ठेव सगळ्यांना, काय बिघडतंय?”

मला आठवलं. शब्द न शब्द आठवला. मी चाचांना घरी जायला सांगितलं.

आयुष्यभर मी खबऱ्यांच्या बातम्या पारखल्या. तू स्वतः पाहिलंस का? कधीची गोष्ट? तुला कुणी सांगितलं, आणि त्याचा यात फायदा काय? एवढं विचारल्याशिवाय मी शिपाईसुद्धा बाहेर पाठवला नाही. त्या कागदाला यातला एकही प्रश्न मी विचारला नव्हता. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला एक फोन पुरला असता.

माझा स्वतःचा जबाब लिहून मी वरिष्ठांकडे पाठवला. मला आणि जमादारांना लेखी ताकीद मिळाली. तेवढ्यावर कागदोपत्री प्रकरण मिटलं. पण काकूंच्या लेकीला सांगणं बाकी होतं. गणवेश न घालता तिच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं.

ती म्हणाली, “आईनं मला फोनवर इचारलं होतं, खरं हाय का गं? भूकंप असा सांगून येत न्हाई म्हणून मला बी शंका आली होती. पण पोलिसांनी सांगितलंय म्हणल्यावर मी म्हणलं, असंल खरं.” तिनं डोळे पुसले. “साहेब, तुम्ही नुसतं ‘मला माहीत न्हाई’ म्हणला असता, तरी पुरलं असतं.”

पुढे नोकरीची जी वर्षं उरली, त्यांत ठाण्यात कुणीही मोबाइल पुढे करून “साहेब, खरं आहे का?” असं विचारलं, की मी आधी ते तीन शब्द म्हणायचो. मग चौकशी करायचो. ते शिकायला मला फार उशीर झाला.