रिकाम्या कॅप्सूलची पिशवी

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्याच्या बाजूच्या एका उपकेंद्रात नर्स होते. औषधं कमी होती, पाऊस भरपूर होता आणि माझा आवाज त्याहून मोठा होता. लोक मला घाबरत, आणि मला ते आवडत असे. खोटं कशाला बोलू?

डोंगरावरच्या वाडीतली एक बाई दम्याची होती. चाळिशीची असेल. उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजायला घेतला, पालापाचोळा आणि शेण पेटलं, की तिचा श्वास अडायचा. पावसाळ्यात तर झोपताही येत नसे, गुडघ्यावर हात टेकून बसून राहायची. दोनदा तिला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणलं होतं. मुरबाडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की दरवेळी इंजेक्शन टोचून भागणार नाही. रोजचं औषध सुरू करा, नाहीतर एखाद्या पावसाळ्यात ही वाटेतच जाईल.

रोजचं औषध म्हणजे पुडीची कॅप्सूल. एका छोट्या प्लास्टिकच्या यंत्रात ती खोचायची, यंत्र फिरवायचं, कॅप्सूल उघडते, मग तोंड लावून जोरात श्वास ओढायचा. ती आधी तयारच नव्हती. "ते लागलं का सुटत नाय," असं तिला शेजारणीने सांगितलं होतं. मी दोन महिने तिच्यामागे लागले. शेवटी कंटाळून ती हो म्हणाली. मी मुरबाडला मीटिंगला गेले की महिन्याच्या कॅप्सूल आणायचे आणि प्रत्येक वेळी एकच बजावायचे, "मावशी, या पुडीला ओल लागू द्यायची नाही. ओल लागली की औषध वाया."

चैत्र-वैशाख बरा गेला. राबाच्या धुरापासून ती लांब राहिली, तिच्या सुनेने ते काम केलं. मला वाटलं, जिंकलो. श्रावणात तिला पुन्हा डोलीत आणलं. ओठ काळेनिळे पडले होते. जीपने मुरबाडला नेली म्हणून वाचली.

ती परत आली त्या दिवशी उपकेंद्रात लसीकरण होतं, वीस-पंचवीस बायका बसल्या होत्या. मला तिला बाजूला घेऊन विचारता आलं असतं. पण जित्याची खोड. सगळ्यांसमोर म्हणाले, "औषध ओढत नाहीस आणि वर ओढते म्हणून सांगतेस. पुढच्या वेळी रिकाम्या कॅप्सूल आणून दाखव, तरच विश्वास ठेवीन."

तिने मान खाली घातली. "ओढतंय बाय, रोज," एवढंच बोलली.

पंधरा दिवसांनी ती आली, एका प्लास्टिकच्या पिशवीत रिकाम्या कॅप्सूल घेऊन. सकाळ-संध्याकाळच्या मिळून तीस. आणि छातीतली शिट्टी मला टेबलापलीकडून ऐकू येत होती. पहिला विचार मनात आला तो असा की हिने पूड फेकून देऊन टरफलं आणली. मी एक टरफल उचललं. आत पुडीचा पिवळट गोळा चिकटलेला होता. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. सगळ्यांत तेच. ती बिचारी रोज दोन वेळा नुसती हवा ओढत होती.

त्या दिवशी मी प्रथमच तिच्याबरोबर वाडीत गेले. तीन वर्षं नोकरी करून प्रथमच. उंटावरून शेळ्या हाकत होते मी. घरात चूल पेटलेली होती, ओल्या लाकडांचा धूर कोंदला होता, भाताला उकळी येत होती. "औषध कुठे ठेवतेस ते दाखव," मी म्हटलं. तिने वर बोट दाखवलं. चुलीवर एक शिंकं टांगलेलं होतं. त्यात दुधीचं बियाणं, सुके बोंबील आणि फडक्यात बांधलेल्या माझ्या कॅप्सूल.

"तुमीच सांगलात ना, वल लागाया नको," ती म्हणाली. "पावसात आमच्या घरात सुकी जागा ती एकच हाय."

बियाणं तिथे टिकतं, बोंबील टिकतात, मग औषधही टिकेल, यात तिचं काय चुकलं? भाताची वाफ आणि चुलीची धग त्या नाजूक पुडीला रोज लागत होती. शिवाय ती काढायला ही बाई दिवसातून दोनदा त्याच धुरात चवडे उंचावून उभी राहायची. हे सगळं माझ्या हुकमाने. मला फार लाज वाटली. मी तिच्या सुनेसमोर म्हटलं की चूक माझी होती, तू खरं बोलत होतीस. बायकांसमोर बोलले होते, म्हणून पुढच्या लसीकरणाच्या दिवशी त्यांच्यासमोरही म्हटलं.

उपाय सुनेने काढला. घट्ट झाकणाचा डबा, तळाशी ओल शोषायला भाजलेले तांदूळ फडक्यात बांधून, वर कॅप्सूल, आणि डबा चुलीपासून लांब, दाराशेजारच्या खुंटीला. तांदूळ दर आठवड्याला पुन्हा भाजायचे. हीच युक्ती मी पुढे इतर वाड्यांमध्ये सांगितली, पण आधी घरात जाऊन आणि जागा पाहून.

पुढच्या श्रावणात ती डोंगर उतरून स्वतःच्या पायांनी उपकेंद्रात आली. टेबलावर पिशवी ठेवली आणि म्हणाली, "मोजा." मी म्हटलं, मावशी, आता नको, माझा विश्वास आहे. तिने ऐकून घेतलं आणि एकेक टरफल उघडून माझ्यासमोर मांडलं. सगळी आतून स्वच्छ होती.

माझी बदली होईपर्यंत ती दर महिन्याला पिशवी आणत राहिली. मी एकदाही मोजल्या नाहीत. तिने एकदाही आणायचं सोडलं नाही.