गिटारीच्या पाठीवरचा जोड
शिसवी लाकूड घासल्याचा वास आला की विक्रोळीच्या चाळीतली ती दुपार आठवते. मुलीने पहिल्या पगारातून जुनी गिटार आणली होती. पाठीवर मधोमध जोड पाहून माझा नवरा तिच्यावर ओरडला, "तुटकी चिकटवून गळ्यात मारलीय तुझ्या! परत कर." पोरगी जेवेना. मी शेजारच्या सुताराला बोलावलं. त्याने तारा सैल केल्या, भोकातून बॅटरी मारली, आत हात घालून पॉलिशपेपर घासला आणि लाकडाची भुकटी लागलेली बोटं माझ्या नाकाशी धरली. "वहिनी, लाकडाच्या रेषा आत-बाहेर एकच. प्लाय नाही, अस्सल शिसव. पाठ दोन फळ्या जोडूनच करतात." नवरा म्हणाला, "मग आधी सांगायचं ना!" पोरगी दोनदा भात मागून जेवली. वाजवायला ती कधीच धड शिकली नाही, पण माझ्या कपाटावर पडलेल्या त्या गिटारीचा जोड अजून उकललेला नाही.