हिंगणीची संत्री आणि आंजीचा सूर्य

माझा नवरा अविनाश म्हणतो, लग्नाआधी मला कुणीतरी तुझ्या नोकरीबद्दल सावध करायला हवं होतं. मी विम्याचे दावे तपासते. गोदामाला आग लागली, दुकानात पाणी शिरलं, की मला पाठवतात आणि मी खरं-खोटं बघून येते. या कामात एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे. नुकसानाचं कारण जितकं मोठं आणि जितकं लांबचं, तितका संशय जास्त घ्यायचा.

त्यामुळे २००९ च्या मार्चमध्ये सेलूहून काकांचा फोन आला तेव्हा माझे कान लगेच टवकारले.

"बगीचा काढून टाकून राह्यलो, सुनू. सोमवारी लाकूडवाला येते."

"काऊन? काय झालं?" काकांशी बोलताना माझं पुण्याचं मराठी दोन मिनिटंही टिकत नाही.

"झाडं वाळली. सूर्यावरचे डाग गेले म्हणते. अकरा वर्षांचं चक्र राह्यते त्याचं. आता पाऊसपाण्याचं असंच राहीन. आपल्या हातात काय हाय?"

बगीचा म्हणजे हिंगणीजवळची आमची संत्र्याची बाग. माझ्या वडिलांनी नव्वदच्या सुमारास लावलेली. पहिले दोन उन्हाळे त्यांनी एकेका रोपाला हातानं पाणी घातलं होतं. ते गेल्यापासून धाकटे काका सेलूतलं हार्डवेअरचं दुकान सांभाळून बाग बघतात आणि दर फेब्रुवारीत पुण्याला एक पेटी पाठवतात. यंदाचीही आली होती, आणि आमची एरवीची जराशी आंबट संत्री यंदा काय गोड होती! महिन्याभरापूर्वी ज्या बागेनं असली संत्री दिली, ती बाग आता सूर्यामुळे मेली? हे माझ्या गळी उतरेना.

"डागांचं तुमाले कोणं सांगतलं?"

"आंजीचे एक मास्तर हायेत. लय अभ्यासू."

झालं! कुणीतरी मास्तर काकांच्या डोक्यात सूर्य भरवतोय, झाडं काढायला लावतोय, आणि मग कुणाचातरी मेहुणा ती जमीन मातीमोल भावात घेणार. फोन ठेवायच्या आत माझा निकाल लागला होता. अविनाशला म्हटलं, वर्ध्याला जायचंय. तो म्हणाला, बोरच्या जंगलात वाघ दिसतो का गं? या माणसाला गांभीर्य म्हणून नाही.

जाणाऱ्यांसाठी सांगते. पुण्याहून वर्ध्याला थेट गाड्या आहेत, पण स्लीपरनं मार्चनंतर जाऊ नका, भुसावळच्या पुढे खिडकीतून भट्टीची झळ येते. वर्ध्याला उतरून स्टेशनबाहेर पोहे खा. वर लाल तर्री घालतात, तोंड पोळतं आणि डोळे उघडतात. सेलूला एसटी आहे, काळीपिवळीही मिळते, भाडं किरकोळ, फक्त दारात लटकणाऱ्यांच्या पायाशी तुमची बॅग असते. आम्ही पुढच्या दोन दिवसांसाठी वर्ध्यातूनच जीप ठरवली, कारण बोर धरणाकडे जाणाऱ्या बसचा काही भरवसा नाही.

काकूंनी गोळाभात केला होता, वर फोडणीचं गरम तेल. अविनाश तिसऱ्यांदा वाढून घेत होता आणि मी काकांकडे बघत होते. काका माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत होते.

"बगीच्यात केव्हा जायचं?"

"आता ऊन झालं. उद्या आधी आंजीले जाऊन ये. मास्तर तुले बरोबर समजावून सांगतीन. मंग बगीचा पाहून तरी काय करतं?"

माझ्या धंद्यात हे नेहमीचं आहे. जो माणूस साक्षीदार आधी पुढे करतो आणि जागा मागाहून दाखवतो, त्याची फाईल मी दोनदा वाचते. पण हा माझा काका. त्याच्यावर कसला संशय घ्यायचा? संशय मास्तरावर. काकूंना स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "काकू, खरंच सूर्यानं वाळली का व झाडं?"

"मले काय समजते त्यातलं," म्हणत काकूंनी चुलीकडे तोंड केलं. "आणखी भात घे. जावईबापूचं पोट तरी भरलं का पाह्य."

दुसऱ्या दिवशी वर्ध्यावरून आर्वी रस्त्यानं आंजी गाठली. रस्ता बरा आहे, दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली पऱ्हाटी उभी होती. मास्तरांचं घर कुणीही दाखवतं. "दुर्बिणवाले का? सरळ जा," असं पानटपरीवाल्यानं हसून सांगितलं. ते हसणंही मला संशयास्पद वाटलं.

मास्तर निवृत्त विज्ञान शिक्षक. उंच, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि वर्गात चाळीस पोरं बसली आहेत अशा आवाजात बोलणारे. अंगणात एका स्टुलाला दुर्बीण सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधलेली, एका भिंगावर झाकण, आणि समोर पांढरा पुठ्ठा.

"डोळा लावायचा नाही! जन्माचे आंधळे व्हाल!" आम्ही फाटकातून आत यायच्या आधीच ते ओरडले. "सूर्य पुठ्ठ्यावर पाहायचा."

पुठ्ठ्यावर बशीएवढा सूर्य पडला होता. स्वच्छ, गोल, किंचित थरथरता. एका बाजूला बारीक ठिपका.

"हा काय डाग!" मी म्हटलं. "डाग गेले म्हणता ना तुम्ही?"

"पुठ्ठा सरकवा, बाई."

मी पुठ्ठा सरकवला. ठिपका पुठ्ठ्याबरोबर सरकला, सूर्य होता तिथेच राहिला. कचरा होता. मास्तरांनी तो नखानं उडवला आणि अविनाश खुदकन हसला. दात ओठ खात मी कामाचं विचारलं. हे डाग म्हणजे आहे तरी काय?

मास्तरांनी सांगितलं ते असं. सूर्याच्या अंगावरचे जरा कमी तापलेले भाग म्हणजे डाग. साधारण अकरा वर्षांत ते वाढतात आणि कमी होतात. २००० च्या आसपास या पुठ्ठ्यावर डागांची नुसती गर्दी असायची. आता मात्र महिनोन् महिने कोरा, नेहमीपेक्षा जास्तच दिवस. काही शतकांपूर्वी सूर्य असा कित्येक वर्षं कोरा राहिला होता आणि त्या काळात युरोपात कडक थंडी पडायची. शिवाय पृथ्वीची चाल हजारो वर्षांत बदलते, मोठे ज्वालामुखी फुटतात, त्या सगळ्यानं हवामान हलतं.

"म्हणजे आमची झाडं सूर्यानं मारली?"

मास्तरांचा चेहरा असा झाला की जणू मी वर्गात शिट्टी मारली. "मी काय ज्योतिषी हाओ का? अहो, डाग असताना आणि नसताना सूर्याच्या तापण्यात फरक पडते तो चिमूटभर. मी स्वतः वर्ध्याचा पाऊस डागांशी जुळवायले बसलो होतो. दोनदा जुळला. गावभर सांगत फिरलो. तिसऱ्या खेपेले असा तोंडावर पडलो का अजून पानटपरीवाला हासते."

"आणि हे ऊन वाढतंय ते? सगळे म्हणतात सूर्यच तापलाय."

"सूर्य तर हा पाहा, निपचित पडला हाय. मग ऊन काऊन वाढून राह्यलं? आणि सूर्यानंच तापलं असतं तर दिवस जास्त तापले असते. इथं तर रात्रीही थंड होऊन नाई राह्यल्या. आपण जाळतो तो कोळसा, ते तेल, त्याचं नाव घ्यायले लोकाईले जड जाते. सूर्याचं नाव घेणं सोपं. तो भांडायले येत नाई."

मग मी खरा प्रश्न विचारला. तुम्ही माझ्या काकांना बाग काढायला का सांगितलं?

"मी?" मास्तर उभेच राहिले. "तुमचे काका तीनदा येऊन गेले. दरवेळी एकच विचारत, मास्तर, सूर्यानं होऊ शकते ना? मी म्हणो, होऊ शकते आणि झालं, यात लय फरक हाय. थे अर्धंच ऐकत आणि उठत. एकदा तर चहा न घेताच गेले."

त्यांच्या बायकोनं आम्हाला मात्र चहा दिला, सोबत चिवडा. निघताना मी विचारून घेतलंच की तुमचं कुणी जमिनीचे व्यवहार करतं का. नाही म्हणाले, आणि पुन्हा कधी आलात तर पुठ्ठ्यावरचा कचरा आधी पुसून घ्या म्हणाले. जीपमध्ये बसल्यावर मला मुळीच बरं वाटत नव्हतं. मास्तर खोटा निघाला असता तर माझं काम सोपं होतं.

तिसरा दिवस हिंगणीचा. काका-काकू आमच्याबरोबर जीपमध्ये. सकाळी अविनाशच्या हट्टापायी आधी बोर धरण. मार्चमध्ये जायचं तर हीच वेळ धरा, पळस पेटलेला असतो आणि पाण्यावर वारा थंड लागतो. जंगलाच्या फाटकावर तिकीट, जीप आणि वाटाड्याचे पैसे वेगवेगळे भरावे लागतात, आधी चौकशी करा. वाघ दिसला नाही. नीलगायी दिसल्या, त्याही पाठमोऱ्या.

बागेशी आलो. नुसते खराटे उभे. फांद्यांची टोकं काळपटलेली, खोडांवरची साल सुटलेली, कुठे कुठे चार पिवळी पानं. हात लावला की काटकी मोडत होती. बाबा असते तर त्यांना हे बघवलं नसतं, आणि मलाही बघवत नव्हतं. पण नजर कामाची, ती गप्प बसत नाही. मी विहिरीत डोकावले. पाणी होतं. मग धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत, चालत गेले. धुऱ्यापलीकडे दुसऱ्याची बाग. तीच काळी माती, त्याच वयाची झाडं. हिरवीगार, आणि तोडणीतून राहिलेली दोन-चार संत्री वर लटकत होती.

परत आले. काका विहिरीच्या कठड्यावर बसले होते.

"काका, सूर्य धुरा पाहून तापते का?"

काकूच बोलल्या, जमिनीकडे बघत. "सांगा आता. किती दिवस पोरीले आंजीले पाठवसान?"

संत्र्याला पावसाळ्याच्या तोंडावर फुलं हवी असतील तर उन्हाळ्यात त्याचं पाणी तोडतात. झाड तहानलेलं होतं, पानं टाकतं, आणि मग पाणी मिळालं की फुलांनी भरून जातं. याला ताण देणं म्हणतात. किती ताणायचं यातच सगळी मेख आहे. बाबा त्या दिवसांत रोज सकाळी बागेत जाऊन पानं मुठीत चुरून बघायचे आणि पाऊस आला नाही तर विहिरीचं पाणी सोडून मोकळे व्हायचे.

"दोन सालाआधी त्या बाजूवाल्याले आपल्यापेक्षा जास्त फूल आलतं," काका म्हणाले. "मंग मागच्या उन्हाळ्यात म्हटलं, अवंदा जरा जास्त ताणू. रोज आभाळ येत होतं. आज पडते, उद्या पडते. पाऊस लांबला. तुही काकू म्हणत होती, पाणी सोडा, पाणी सोडा. मी हिच्यावरच खेकसलो. सोडलं तवा झाडं गेलती. मंग पुरा हिवाळा वाट पाह्यली का पालवी फुटीन."

"आणि फेब्रुवारीतली पेटी?"

"थे बाजूवाल्याची. विकत घेतली." काकांनी पायाशी पडलेली काटकी उचलली. "तुह्या बापानं पोरासारखी वाढवली. माह्या हातानं वाळली, सुनू. तुले कोणत्या तोंडानं सांगू? तवा मास्तरांचं कानावर आलं. वाटलं, सूर्यानं गेली म्हटलं तर तू मले काई म्हणणार नाई."

मला राग आला. खूप आला. झाडांचा तर आलाच, पण त्या गोड पेटीचा जास्त आला. दोन्ही हातांनी सोलून खाल्ली होती मी ती संत्री, बाबांची म्हणून. तसं मी बोललेही. काकांनी ऐकून घेतलं. अविनाश तोपर्यंत पाण्याची बाटली घेऊन उगाच एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत फिरत होता.

तेवढ्यात काकूंनी विळा घेतला आणि एका खोडाची साल जरा खरवडली. वाळलेलं. दुसरं, वाळलेलं. तिसऱ्याला सालीखाली ओलं हिरवं निघालं. "हे जित्तं हाय," काकू म्हणाल्या आणि पुढच्या झाडाकडे वळल्या. मग आम्ही चौघंही लागलो. दुपारपर्यंत सबंध बाग खरवडून झाली. जिवंत निघाली ती फार नव्हती, निम्म्याहून बरीच कमी. जिवंत झाडाच्या बुंध्याला काका स्वतः चुन्याचा पट्टा ओढत होते, डोळे पुसून हाताचा चुना गालाला लागला होता. सोमवारी लाकूडवाला आला आणि पांढरे पट्टे सोडून बाकीची झाडं घेऊन गेला. आम्ही निघालो तेव्हा काकू म्हणाल्या, "येजो व," आणि काकांनी आमची बॅग एसटीत चढवली.

हे सगळं लिहायला मी मुद्दाम एक वर्ष थांबले. २००९ च्या जूनमध्येही पाऊस लांबला. मी रोज पेपरात विदर्भाचं हवामान बघत होते आणि फोन करायचा धीर होत नव्हता. शेवटी काकूंचाच आला, यंदा ताण दिलाच नाही, काका रोज पहाटे बागेत जाऊन पानं चुरून बघतात म्हणाल्या. आंजीच्या मास्तरांच्या पुठ्ठ्यावर पुन्हा डाग दिसायला लागल्याचंही त्यांनीच सांगितलं. सूर्यामुळे ऊन वाढलं असं कुणी म्हटलं की मी आता भांडते, आणि अविनाश म्हणतो, हिला आंजी चढली. चढली तर चढली. धुऱ्यापलीकडे बघून येता येईल अशी दुसरी पृथ्वी शेजारी नाही, म्हणून आपणच आपल्याला नीट तपासायला हवं, इतकं मला त्या प्रवासानं शिकवलं.

गेल्या महिन्यात पेटी आली. पेटी कसली, खोकंच, तेही अर्ध्याला पेंढा भरलेलं. संत्री लहान, जाड सालीची, हिरवट. स्वयंपाकघरात उभ्यानंच एक सोललं, फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले गेले. तेवढ्यात फोन वाजला.

"भेटलं का खोकं?" काका.

"भेटलं."

"आंबट हायेत का?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण त्या विहिरीवरच्या दिवसानंतर आमच्यात ते आता चालत नाही. "लय आंबट हायेत, काका."

"मंग आपलीच हायेत," ते म्हणाले.