कडेची हिरवी ओळ

"तहानू द्या, मुकादम, तहानू द्या." असं म्हणत आमचे साहेब ज्वारीच्या पानाखाली दोन बोटं धरायचे. तापलेल्या लेकराची मान बघावी तशी.

पारोळ्याच्या बाजूला संशोधनाचा फार्म होता, तिथं मी मुकादम. शिकलो चौथी, पण माझ्या शब्दाशिवाय तिथं विळा उचलला जात नव्हता. साहेब कोकणातले. पावसाच्या मुलखातला माणूस आमच्याकडे दुष्काळ शोधायला आला, याचं मला हसू यायचं. हिवाळ्यात दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरायची, ओळीगणिक वेगळं वाण, पाणी द्यायचं नाही, अन् कोणती ओळ शेवटपर्यंत हिरवी राहते ते बघत बसायचं. वर्षामागून वर्षं तेच. बघणाऱ्याचाच जीव सुकायचा. तहानलेल्याजवळ तुम्ही कधी नुसते बसला असाल, तर तुम्हाला कळेल.

एकदा साहेब बांधावर बसून म्हणाले, "झाडाच्या आतही मुकादम असतात. पाणी तुटलं की उठतात अन् बाकीच्यांना हाका मारतात, दारं लावा, मुळं खाली सोडा. त्यांची घराणी असतात. एकेका घराण्यात पुष्कळ भाऊ. कोण कधी उठतो, ते अजून नीट कळलेलं नाही."

"मला विचारा," मी म्हटलं. "भावकीत वेळेला एकही उठत नाही."

साहेब खोकला येईपर्यंत हसले.

त्या साली वरून निरोप आला होता, यंदा एक तरी ओळ दाखवा, नाहीतर काम बंद. सगळी दादर करपली. फक्त वाटेकडेची एक ओळ हिरवीगार. साहेबांनी फार्मवर पेढे वाटले. ओळीला लाकडी पाटी ठोकली. दिवसातून दहादा जाऊन पानं चाचपायचे.

मग एका संध्याकाळी ते ओळीपाशी उकिडवे बसलेले असताना पाखरं राखणारी अक्का घरी निघाली. तिनं कळशीतलं उरलेलं पाणी त्यांच्यासमोरच ओळीच्या बुंध्याशी ओतलं.

साहेबांनी ओल्या मातीला बोट लावलं. "अक्का, रोज ओतता?"

"मंग? उरेल पानी रस्तावर नही फेकतस, साहेब. पाप लागस. त्यास्ले बी तहान लागस ना."

"याच ओळीला?"

"वाटवर हाईच पडस."

मी खवळलो. साहेबांनी हात वर केला. "त्यांना काही बोलू नका. तहानेल्याला पाणी दिलंय." अन् पाटी उपटून काखेत घातली.

मी म्हटलं, "कशाला सांगता कोणाला? कणसं भरलीत. वर पाठवून द्या."

"मुकादम, हिला तहान लागलीच नव्हती हो."

काम बंद झालं. साहेबांची बदली झाली. स्टँडवर मी त्यांची वळकटी टपावर चढवली, अन् गाडी सुटायच्या आधीच पाठ फिरवली. माझा राग होता. अक्काचं चूळभर पाणी ते काय! ओळ खरीच होती, असं मी धरून बसलो होतो.

त्या ओळीचं एक कणीस मी ठेवलं होतं. पुढच्या हिवाळ्यात माझ्या वावरात पेरलं, घरच्यांना ताकीद दिली, इथं कोणी थेंब सांडायचा नाही. ती ओळ निसवली, कणसं बाहेर आली, अन् बाकीच्या दादरीसोबतच करपली. एक दिवसही जास्त टिकली नाही.

त्या दुपारी वावरातच जेवण करून मी तिच्या पानाखाली दोन बोटं धरली. दुसऱ्या हातात तांब्या, त्यात घोटभर पाणी उरलेलं. ओतवेना, अन् फेकवेनाही.

तसंच घरी घेऊन आलो.