‘शेड बंद करा’

“समज, मी आत्ताच एस्टीतून उतरले. माले काहीच माहीत नही. आते सांग.”

असं म्हणून ताई डोळे मिटून घ्यायच्या आणि आपण लिहिलेलं त्यांना वाचून दाखवावं लागायचं. वाचताना अडखळलो की त्यांचा एक डोळा उघडायचा.

शहाद्यात खताच्या दुकानाच्या वर आमचं छोटं ऑफिस होतं. नवापूरकडच्या पोल्ट्रीवाल्यांसाठी आम्ही एआय एजंट चालवायचो. एजंट म्हटलं की लोकांना आधी विमावाला आठवायचा. हा फोनमध्ये असायचा. शेतकरी त्याच्याशी बोलणार, आणि तो शेडमधले पंखे लावणार, पाणी सोडणार, पडदे पाडणार. अशा प्रत्येक कामाला आम्ही ‘टूल’ म्हणायचो. कोणतं टूल केव्हा वापरायचं, हे एजंटला कळायचं ते आम्ही लिहिलेल्या वर्णनावरून. शेड काही त्याने पाहिलेली नसायची. ती वर्णनं लिहिणं हे ताईंचं काम, आणि मी त्यांच्या हाताखाली.

मी एकदा लिहिलं, ‘पाणी देण्यासाठी.’

“कोणाला?” ताई म्हणाल्या. “पक्ष्यांना का पाहुण्यांना?”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. “आणि कधी द्यायचं नाही, ते कोण लिहील? लस पाजायच्या आधी पाणी तोडतात ना?”

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. बाजारातून मेथी आणायला सांगतील, आणि मेथी नसली तर काय आणायचं नाही तेही सांगतील.

त्या उन्हाळ्यात नवापूरकडे दुपारची वावटळ उठली. आमच्या एका शेतकरीभाऊंनी फोनला सांगितलं, “शेड बंद कर.” पोल्ट्रीवाल्यांच्या बोलण्यात याचा अर्थ, धूळ येतेय, पडदे खाली सोड. पण आमच्याकडे ‘शेड बंद करा’ नावाचं टूलच होतं. पक्षी विकून शेड रिकामी झाली की जंतू मारायची धुरी देण्यासाठी ते बनवलेलं. पडदे घट्ट, पंखे बंद, पाणी बंद, धोक्याचा भोंगाही बंद. वर्णनात एवढंच होतं, ‘शेड बंद करण्यासाठी वापरावे.’ शेड रिकामी असेल तरच, हे कुठेच नव्हतं.

“शेड बंद केली आहे,” एजंटने उत्तर दिलं. भाऊ निवांत मनाने चर्चमध्ये नातेवाइकाच्या लग्नाला गेले. परत आले तेव्हा शेडमधून कसलाच आवाज येत नव्हता.

ती ओळ ताईंची होती. ती लिहिली तेव्हा त्यांचे वडील नंदुरबारला दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होते, आणि ताई बाहेरच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसायच्या. हे ऑफिसात फक्त मला ठाऊक होतं. त्यांनी स्वतः कधी कोणाला सांगितलं नाही.

आमच्या कंपनीच्या मालकांनी आम्हाला बसवून घेतलं. “शेतकऱ्याने चुकीचा हुकूम दिला, असंच बोलायचं. शब्द त्याचेच आहेत. रेकॉर्डिंग आहे.”

“आणि अर्थ?” ताईंनी विचारलं.

“अर्थाचं रेकॉर्डिंग होत नाही.”

दुसऱ्या दिवशी ताई नवापूरला निघाल्या. मी सोबत गेलो. शेडमागे खड्डा बुजवून त्यावर चुना पसरला होता. तरी वास होताच. भाऊ ओट्यावर बसले होते, दाढी वाढलेली. बायको खुर्च्या मांडून आत गेली.

“मला रेकॉर्डिंग ऐकवलं तुमच्या मालकांनी,” भाऊ म्हणाले. “माझाच आवाज आहे, ताई. मीच मारले.”

“नाही भाऊ. तुम्ही पडद्यांचं बोललात, ते बरोबर होतं. एजंटला नीट समजावून लिहायचं काम माझं होतं. मी अर्धंच लिहिलं, शेड रिकामी असेल तरच, हे राहिलं.”

“पण शब्द तर मीच…”

“शब्द तुमचा. चूक माझी.”

भाऊंनी बायकोला हाक मारली. “इकडे ये. ताई काय सांगतात ते ऐक.” ताईंनी पुन्हा सांगितलं. मग भाऊंनी शेजारून थोरल्या भावाला बोलावलं. “याला फोनवर नीट बोलताही येत नाही,” असं तो गावभर सांगत होता. त्याच्यासमोर ताईंनी आणखी एकदा तेच सांगितलं, उभं राहून, शब्द न गाळता.

“‘रिकामी’ एवढा एक शब्द असता तर?” भाऊंच्या बायकोने विचारलं.

“तर वाचले असते.”

कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, असं ताई परतताना बसमध्ये म्हणाल्या.

चूक कबूल करून आल्या म्हणून मालकांनी त्यांना ऑफिसात पुन्हा बसू दिलं नाही. काही दिवसांनी मी पुरुषोत्तमनगरला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या आईने मला दारातच धरलं.

“तठे कोंबड्याच मरन्यात ना? माणूस तर नही?”

“नाही, माणूस नाही.”

“मंग हाई अशी का करस?”

आत ताई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मला ओळखून उठून बसल्या. मी इकडचं तिकडचं बोललो. मध्येच त्या म्हणाल्या, “भाऊंना उत्तर आलं ना, शेड बंद केली आहे म्हणून. त्यांना वाटलं, काम झालं. लग्नात जेवले असतील ते.”

पुढे त्या सुरतला बहिणीकडे गेल्याचं कळलं. त्यांचा फोन लागत नाही. म्हसावदकडे जाताना कधी वाकडी वाट करून ताईंच्या गल्लीतून गेलो, तर त्यांच्या आई दारात बसलेल्या दिसतात. मला ओळखतात. आता त्या काही विचारत नाहीत.